कोरा सोडलेला चौकोन

आमच्या ऑफिसात भांडायला येणाऱ्यांसाठी वेगळा दरवाजा हवा होता. दरवाजा एकच, आणि त्याला लागून माझं टेबल. मी आवक-जावक सांभाळते. येणारा कागद नोंदवायचा, जाणारा कागद नोंदवायचा आणि मधल्या वेळात येणाऱ्या माणसाचा राग अंगावर घ्यायचा. सोळा वर्षांत माझ्या टेबलाची काच चार वेळा फुटली. एकदा बर्फ फोडायच्या पहारीने, एकदा गोठलेल्या माशाने आणि दोनदा माणसाच्या डोक्याने. त्यातलं एक डोकं आमच्या नकाशेवाल्या गळचं होतं, आणि हे सगळं मी सांगतेय ते त्याच्याचबद्दल.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं. बर्फाळ समुद्रात ठिकठिकाणी असे पट्टे आखायचे, की तिथे कुणी मासे धरायचे नाहीत, सील मारायचे नाहीत, तळ खरवडायचा नाही. एकच मोठा पट्टा आखून भागत नाही. मासा एका जागी अंडी घालतो, पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत दुसरीकडे जाऊन वाढतात. म्हणून पट्ट्यांची साखळी लागते. एका कडीतून निघालेलं पिल्लू पुढच्या कडीपर्यंत जिवंत पोचलं पाहिजे. मधली एक कडी गळली की बाकीच्या नुसत्या कागदावर उरतात. आता बंदरात बसलेल्या ज्या माणसाच्या बापजाद्यांनी तिथे मासे धरलेत, त्याला हे सांगून बघा. मग कळेल काच का फुटते ते.

या पट्ट्यांचे नकाशे काढणारा माणूस म्हणजे गळ. त्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. डाव्या गालावर ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत पांढरा वण होता, आणि त्यामुळे तो गप्प बसला तरी अर्ध्या तोंडाने हसतोय असं वाटायचं. नवीन माणसाचा त्यावरून हमखास गैरसमज व्हायचा आणि भांडण आणखी पेटायचं.

वणाची गोष्ट तो चहा पिताना अगदी मजेत सांगायचा. सतरा वर्षांचा असताना बापाच्या बोटीवर होता. थोरला भाऊ, म्हणजे दादा, लांब दोरी समुद्रात सोडत होता. दोरीला चारशे गळ, सगळे नवे. त्यातला एक याच्या गालात घुसला. खाली वजन, वरून बोटीचा वेग, आणि मधे हा कठड्यावर तोंड घासत फरफटत चाललेला. दादाच्या हातात चाकू होता. दोरी कापली असती तर काम झालं असतं. पण मग चारशे गळ तळाला गेले असते. दादाने दोरी नाही कापली, गाल कापला.

"आणि बाबा काय म्हणाले?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"बाबा म्हणाले, शाबास, दोरी वाचली."

हे सांगून तो खो खो हसला. मला चहा जाईना.

ते घरच तसं. बापाने पोरांना हाताने शिकवलं, म्हणजे थोबाडीत मारून. बोटीवर चूक झाली की पाठीत दोरीचा फटका, चूक नाही झाली की उद्यासाठी आगाऊ फटका. आमच्याकडच्या मोठ्या काळ्या माशाला मारायचं म्हणजे तरी काय असतं? माणसाएवढा मासा आकड्याने ओढून वर घ्यायचा, डोक्यात सोटा घालायचा, एकदा, दोनदा, थांबेपर्यंत. दिवसाला दोनशे वेळा. घरी येताना ती ताकद काही दारात काढून ठेवता येत नाही. गळने पाच वर्षं आणखी ते केलं आणि एक दिवस आकडा टाकून आमच्याकडे नोकरीला आला. भावाने त्या दिवशी त्याला धक्क्यावर सगळ्यांदेखत तुडवला. पुढे तोच भाऊ बोटीचा कप्तान झाला.

गळ कामाला मात्र सोन्यासारखा होता. दरवेळी नवी साखळी आखायची म्हटलं की आधी तो बंदरातल्या प्रत्येक कप्तानाकडे एक मोठा कागद घेऊन जायचा. कागदावर समुद्र, समुद्रावर चौकोन. ज्या चौकोनात तुम्ही मासे धरता तो लाल पेन्सिलने रंगवायचा, धरत नाही तो कोरा ठेवायचा. स्वतःच्याच हाताने रंगवायचा, दुसऱ्याने नाही. कागदावर नाव नसायचं, फक्त नंबर. मग ते सगळे कागद कॉम्प्युटरमध्ये जायचे. शास्त्रज्ञ सांगायचे, इथे अंडी आहेत, इथून प्रवाह जातो, इथे सीलची पिल्लं होतात. कॉम्प्युटर दोन्ही बाजू जुळवून असे चौकोन निवडायचा, की साखळी तर जुळावी आणि माणसांचं नुकसान कमीत कमी व्हावं. लाल चौकोन तो शक्यतो टाळायचा, कोरा असला की आधी उचलायचा.

आणि इथेच आमच्या बंदराची खोड आडवी आली. आपली चांगली जागा जगाला सांगायची नाही, हे इथल्या माणसाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. कुठे गेला होतास विचारलं तर उत्तरेला गेलेला माणूस दक्षिण सांगतो. तिकडे जाताना बोटीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र नेमकं बिघडतं, हा तर आमच्याकडचा साथीचा रोग. तेव्हा कागद समोर आला की कप्तान लोक काय करायचे? रिकाम्या चिखलाच्या जागा लालभडक रंगवायचे आणि खरी जागा कोरी सोडायचे. आपण ऑफिसला कसं बनवलं म्हणून खूशही व्हायचे.

गळच्या भावानेही तेच केलं. त्यांच्या बापाने बर्फाच्या कडेला पाण्याखालचं एक टेकाड शोधून काढलं होतं. त्या घराचे तीस वर्षांचे मासे तिथले. मरताना म्हाताऱ्याने दोन्ही पोरांना शपथ घातली होती, की टेकाडाचा पत्ता बाहेर जाता कामा नये. कप्तान स्वतः कागद घेऊन ऑफिसात आला, गळच्या टेबलावर टाकला आणि निघाला.

"दादा, थांब. हे काय रंगवलंस?"

"जिथे जातो ते."

"तिथे नुसता चिखल आहे. मेलास तरी तू तिथे जाणार नाहीस."

"कागद भरून मागितलास, भरून दिला. आता आणखी काय आरती ओवाळू?"

गळने आवाज उतरवला. मी टाइप करत राहिले, पण बोटं नुसतीच फिरत होती, कान तिकडे.

"ऐक माझं. कोरी दिसेल ती जागा हे मशीन आधी बंद करतं. कुणालाच नको आहे असं समजून. टेकाड कोरं ठेवलंस तर तेच जाईल. तिथे लाल कर."

"आणि तो कागद कोण कोण बघणार?"

"मी आणि मशीन."

"आणि ही?" त्याने माझ्याकडे हनुवटी उडवली. "हिच्या तोंडून दुपारपर्यंत बंदरभर होईल."

"बंदरातल्या बातम्या मी तुमच्याच खलाशांकडून ऐकते," मी म्हणाले. "आमच्याकडून तिकडे जायला काही शिल्लकच नसतं."

त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "बाबांनी शपथ घातली होती. तुलाही."

"बाबांनी हे मशीन बघितलं नव्हतं, दादा. पाया पडतो, एकच चौकोन आहे, लाल कर."

"असं म्हण की. माझ्याच हाताने पत्ता लिहून घ्यायचा आणि मग तुझ्या साहेबाला विकायचा." कप्तानाने त्याची कॉलर धरली, ओढत दरवाजापर्यंत आणलं आणि त्याचं डोकं माझ्या टेबलावर आपटलं. काच फुटली. आवक वहीवर रक्ताचा हा एवढा डाग पडला, तो अजून आहे. मग त्याने हात झटकले, शांतपणे दार ओढून घेतलं आणि निघून गेला.

मी कापूस आणला, साहेबांना आणि पोलिसांना यथेच्छ शिव्या घातल्या. जेवणाच्या सुट्टीत मी परत आले तर तो भावाचा कागद पुढ्यात घेऊन बसला होता, हातात लाल पेन्सिल. पेन्सिलचं टोक एका चौकोनावर होतं, टेकलं मात्र नव्हतं. मी डबा संपवला, धुतला, पुसला, तरी तो तसाच. शेवटी त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी शिक्का मारून आत पाठवला. मला तेव्हा काही कळलं नव्हतं.

पाच महिन्यांनी साखळी जाहीर करायला सभा झाली. सात पट्टे. तिसऱ्या आणि पाचव्याच्या मधे अंतर फार होतं, पिल्लं पोचत नव्हती. तिथली चौथी कडी म्हणून कॉम्प्युटरने एक असा चौकोन निवडला होता, जो बंदरातल्या एकाही माणसाने रंगवला नव्हता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो दिसत होता. बंदी त्रेपन्न दिवसांनी लागू व्हायची होती.

साहेबांनी एकेक पट्टा वाचून विचारलं, हरकत आहे का? पहिल्या तीन पट्ट्यांना आरडाओरडा, खुर्च्या आपटणं, आया-बहिणींचा उद्धार, सगळं रीतसर झालं. मग साहेब म्हणाले, "चौथा. याला कुणाची हरकत नसावी."

कप्तान उठून उभा राहिला. सगळा हॉल वळून त्याच्याकडे बघायला लागला. मी मागच्या रांगेत होते, मला त्याची मान दिसत होती, ती लाल झाली, मग पांढरी. हरकत घ्यायची तर सांगावं लागणार, की माझी जागा ही आहे आणि मी कागदावर खोटं रंगवलं. सांगितलं तर जागा बंदराला कळून गेली, नाही सांगितलं तरी बंदीत गेली. बाजूचा एक जण म्हणाला, "काय रे, तुझं काय आहे तिकडे?"

"काही नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.

साहेब पाचव्या पट्ट्यावर गेले. कप्तान पुन्हा उठला. या वेळी सरळ पुढे गेला, जिथे गळ नकाशा पसरून बसला होता. जाताना त्याने एक लोखंडी खुर्ची घडी करून हातात घेतली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा बरगडीत. गळ खाली पडला तसा कप्तानाने त्याचा उजवा हात टेबलाच्या कडेवर धरला आणि खुर्ची त्यावर आणली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत आला. लाकूड मोडतं तसाच आवाज असतो, वेगळं काही नाही.

"बाबांचं टेकाड!" तो ओरडत होता. "बाबांचं टेकाड विकलंस! तीस वर्षं घर जगलं त्यावर आणि विकलंस!" आणि प्रत्येक शब्दाला तो नकाशावर मूठ आपटत होता, त्याच एका चौकोनावर.

मला वाटलं, आता कुणीतरी धावेल. धावले, सगळेच धावले, पण दरवाजाकडे. भांडण सोडवायला एक माणूस थांबला नाही. त्रेपन्न दिवस हातात होते, आणि जागा कुठे आहे ते आता सगळ्यांना कळलं होतं. खिडकीतून बघते तर कप्तान लोक बर्फावरून घसरत, एकमेकांना ढकलत बोटींकडे पळत होते. कप्तानाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने खुर्ची टाकली, भावाला तिथेच रक्तात सोडलं आणि तोही पळाला.

पुढचं काही मी धक्क्यावर उभी राहून बघितलं, काही परतलेल्या खलाशांकडून ऐकलं. एका टेकाडावर एकवीस बोटी. दोऱ्या एकमेकींत अडकल्या की चाकू निघत, आधी दोरीवर, मग माणसावर. एकाने दुसऱ्याच्या बोटीत बोट घुसवली. एकाने शेजारच्या डेकवर उकळतं पाणी फेकलं. दोरीवरचे मासे ओढायला देवमासे यायचे, त्यांच्यावर बंदुका चालल्या. बोटी धक्क्याला लागत तेव्हा डेकवर पाय ठरत नसे, एवढी गाभोळी, म्हणजे माशांची अंडी, सांडलेली असे. अंडी घालायला आलेल्या माद्या, माझ्या उंचीच्या, पोट फुटलेल्या, आणि खलाशी ती गाभोळी फावड्याने पाण्यात ढकलत होते, कारण बर्फाच्या खोलीत मांसालाच जागा उरली नव्हती. मी तिथे ओकले, लपवत नाही. चाळिसाव्या दिवशी धावत्या दोरीने कप्तानाच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. पंचेचाळिसाव्या दिवशी बोटी रिकाम्या यायला लागल्या आणि एकेक करून सगळ्यांनी टेकाड सोडलं.

त्या दिवसांत मी दवाखान्यात जायची. गळच्या उजव्या हाताला प्लॅस्टर होतं, बरगड्यांना पट्टा. धक्क्यावरचं सगळं त्याला सांगायचं नाही असं ठरवून गेले आणि दाराशीच सगळं सांगून टाकलं. तो छताकडे बघत होता.

"त्या दिवशी तू पेन्सिल धरून बसला होतास," मी म्हणाले. "का नाही केलास लाल?"

"लाल केलं असतं तर टेकाड दादाचं राहिलं असतं. साखळी तुटली असती. गाभोळीवाल्या माद्या मी तिथूनच ओढल्यात गं, लहानपणापासून. ते बंद व्हायलाच हवं होतं."

"म्हणजे माशांसाठी."

त्याने जीभ आतून गालावर फिरवली. "निम्मं माशांसाठी." मग डावा हात वणावर ठेवला. "निम्मं याच्यासाठी."

मला त्याचा इतका राग आला, की मोडलेला हात आणखी एकदा मोडावा असं वाटलं. आणि त्याच वेळी त्याच्या कपाळावरून हात फिरवावासाही वाटला. यातलं काहीच केलं नाही. संत्री ठेवली आणि आले.

बंदी लागू झाली, रिकाम्या टेकाडावर. वर्षभराने फेरतपासणी आली. नवा नियम होता. बंद चौकोनात ज्याची जुनी वहिवाट होती, त्याने तो लाल रंगवून दिला तर त्याच्या एकट्यासाठी तो उघडायचा. पुन्हा कागद निघाले. टेकाडावर कुणी दावा करेना, मेलेल्या जागेसाठी कोण भांडणार? राहिला कप्तान. त्याची वहिवाट सिद्ध करायची गरजच नव्हती, अख्ख्या हॉलने ऐकली होती. त्याची बोट वर्षभर अर्धी रिकामी येत होती, आणि त्याची बायको मासे कापायच्या कारखान्यात जायला लागली होती.

तो आला तेव्हा मी पुन्हा एकदा नवी काच बसवून जेमतेम आठवडा झाला होता. भाऊ त्या सभेनंतर एकमेकांशी बोललेले नव्हते. गळ डाव्या हाताने नकाशे काढायला शिकला होता, उजवा हात मुठीत मिटायचा नाही. कप्तानाने उरलेल्या तीन बोटांत धरलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला. गळ आपल्या जागेवरून उठून आला. आम्ही तिघांनी कागदाकडे बघितलं.

टेकाडाचा चौकोन कोरा होता.

"लाल कर," गळ म्हणाला. "तुला एकट्याला मिळेल."

"माहितीये."

"मग? रिकामं आहे म्हणून?"

"रिकामं नाही." कप्तानाने दरवाजाकडे बघितलं, जुनी सवय. मग आवाज उतरवला. "बंदी लागायच्या आदल्या दिवशी मी एकटाच गेलो होतो. सगळे परत आल्यावर. बारीक गळांची दोरी टाकली. हातभर लांबीची पोरं वर आली. बरीच. कडेच्या कपारीत होती, मोठे गळ त्यांना लागलेच नाहीत."

"धरलीस?"

"एकेकाच्या तोंडातून गळ काढला. चाकू न लावता. बोटं नव्हती, तरी काढला. सगळी सोडून दिली." त्याने नाक ओढलं. "मोठी व्हायला त्यांना पंधरा वर्षं लागतात. मी तोवर असेन-नसेन. पण लाल केलं तर मी जाईन तिथे. मला मी चांगला ठाऊक आहे. म्हणून कोरा सोडलाय. या वेळी कळून सोडलाय."

गळचा वण ताणला गेला होता, त्यामुळे तो हसतोय असं दिसत होतं आणि तो हसत नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "मागच्या वेळी पेन्सिल माझ्या हातात होती. मी लाल करू शकत होतो. मुद्दाम नाही केलं."

कप्तानाचा हात वर गेला. मी दोन्ही हात काचेवर पसरले, आणि देवाला म्हणाले, डोकं फुटलं तर फुटू दे, पण इथे नको. हात वर तसाच राहिला. तीन बोटांची मूठ नीट वळतही नव्हती. मग तो हात खाली आला आणि भावाच्या गालावर ठेवला गेला, वणावर, जिथे त्यानेच चाकू चालवला होता.

"अजून दुखतं?"

"थंडीत."

"इथे थंडीशिवाय असतं काय," कप्तान म्हणाला.

मला दोघांकडे बघवेना. मी कागद ओढून घेतला, आवक नंबर टाकला आणि शिक्का मारला. चौकोनावर शाई जाऊ नये म्हणून जरा जपूनच मारला.